पाहणारा डोळा, लिहिणारा डोळा

(दादर येथे रुग्णांचे कुटुंबीय, विशेष शिक्षक आणि उपचारशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

सभागृहाच्या दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत आपल्याला साधारण एक मिनिट लागले असेल. तेवढ्या वेळात आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यांनी दीडशे ते दोनशे उड्या मारल्या आहेत. ओळखीचा चेहरा, रिकामी खुर्ची, पायऱ्यांची कड, भिंतीवरचे घड्याळ अशा ठिकाणी नजर क्षणभर टेकली आणि पुढे सरकली. यांतल्या बहुतेक उड्या आपण ठरवून मारलेल्या नव्हत्या. डोळा सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलतो, प्रत्येक जागी सेकंदाचा चौथा हिस्सा थांबतो, आणि या तुकड्यांतून मेंदू आपल्याला एकसंध जग जोडून देतो. आज ज्या यंत्रांविषयी मी बोलणार आहे ती याच डोळ्याला हाताचे काम सांगतात. ज्याचा हात चालत नाही आणि ज्याची वाचा गेली आहे, त्याने नजरेने अक्षरे निवडावीत, वाक्य पूर्ण करावे आणि संगणकाने ते मोठ्याने म्हणावे, अशी ही सोय आहे. गेली काही वर्षे मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मुंबईत आणि उपनगरांत घरोघरी ही यंत्रे बसवते. त्या अनुभवातून माझे एक म्हणणे तयार झाले आहे आणि तेच आज मांडायचे आहे. डोळा मुळात पाहण्यासाठी आहे. त्याला लिहायला लावताना त्याचे पाहणे हिरावले जाणार नाही, अशी रचना आपल्याला करता आली पाहिजे, आणि मराठी माणसासाठी ती रचना मराठी अक्षरांपासूनच सुरू झाली पाहिजे.

ही गरज नेमकी कोणाला असते, हे आधी पाहू. मोटर न्यूरॉन आजारात, ज्याच्या मुख्य प्रकाराला एएलएस म्हणतात, हात, पाय, जीभ, घसा आणि शेवटी श्वासाचे स्नायू दुबळे होत जातात. पण डोळे हलवणारे स्नायू बहुधा सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतात. बुद्धी शाबूत, नजर शाबूत आणि मधले सगळे दुवे तुटलेले अशी ही अवस्था असते. दुसरा गट 'लॉक्ड-इन' अवस्थेतल्या रुग्णांचा. हे नाव १९६६ मध्ये प्लम आणि पोझ्नर या न्यूरॉलॉजिस्टांनी दिले. मेंदूच्या देठातील पॉन्स या भागाला पक्षाघाताने इजा झाली की माणूस पूर्ण शुद्धीवर असूनही हलू किंवा बोलू शकत नाही. अशा रुग्णाची नजर पुष्कळदा डावी-उजवीकडे वळत नाही, फक्त वर-खाली जाते आणि पापणी मिटते. ज्या कीबोर्डवर आडवे फिरावे लागते तो त्याच्यापुढे ठेवून 'यांना जमत नाही' असा शेरा मारणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला उभी यादी द्यायला हवी. तिसरा गट सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे ज्यांचा हालचालींवर पुरता ताबा राहत नाही अशांचा. यांच्यातल्या काहींची मान आणि हात मनाविरुद्ध हलतात, काहींचे डोळे तिरळे असतात, काहींचा डोळा उत्तम पण दिसलेले उलगडणारा मेंदूचा भाग बाधित असतो. रेट सिंड्रोम हा जनुकीय आजार असलेल्या मुलींना हात हेतुपूर्वक वापरता येत नाहीत, बोलता येत नाही, पण त्यांची नजर विलक्षण बोलकी असते. या सगळ्यांना एकच यंत्र एकाच मापाने बसवता येत नाही, हे उघड आहे.

आणि ज्याचे एखादे बोट, गालाचा एखादा स्नायू किंवा भुवई नीट हलते, त्याला नजरेच्या यंत्राची गरज असेलच असे नाही. स्टीफन हॉकिंग नजरेने लिहीत असत अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रत्यक्षात चष्म्याला लावलेला एक संवेदक त्यांच्या गालाची हालचाल टिपत असे आणि ते त्या एका खुणेवर अक्षरे निवडत. नजरेचे यंत्र त्यांच्यासाठी अजमावून पाहिले गेले होते, पण त्यांच्या खाली झुकणाऱ्या पापण्यांमुळे कॅमेऱ्याला बुबुळ नीट दिसत नसे. घरी गेल्यावर मी पहिली दहा मिनिटे यंत्राची पेटी उघडतच नाही. माणसाचे काय हलते, किती वेळ हलते आणि थकल्यावर काय उरते, एवढेच पाहते.

आता यंत्र कसे चालते ते थोडक्यात सांगते. आपला हात समोर लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. डोळ्याच्या पडद्यावरचा जो छोटा भाग अगदी स्पष्ट पाहतो, त्याच्या वाट्याला जगाचा साधारण एवढाच, नखाएवढा तुकडा येतो. बाकी सगळे अंधूक असते. म्हणूनच डोळ्याला सतत वळावे लागते, आणि म्हणूनच तो कुठे वळला यावरून माणूस काय पाहतो आहे ते कळू शकते. संगणकाच्या पडद्याच्या खालच्या कडेला बसवलेल्या पट्टीतून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडला जातो. त्या प्रकाशात कॅमेऱ्याला बाहुली स्पष्ट उठून दिसते आणि डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावर एक चमकता ठिपका उमटतो. डोळा वळला की बाहुली सरकते, तो ठिपका मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतो. या दोहोंमधल्या अंतरावरून नजरेची दिशा काढली जाते. डोळ्याच्या गोळ्याची मधली रेषा आणि प्रत्यक्ष पाहण्याची रेषा यांत साधारण पाच अंशांचा फरक असतो आणि तो माणसागणिक वेगळा असतो. म्हणून सुरुवातीला पडद्यावर पाच किंवा नऊ ठिपके दाखवून यंत्राला त्या माणसाची नजर शिकवावी लागते. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. चांगल्या यंत्राची चूक अर्ध्या ते एका अंशाची असते. साठ सेंटिमीटरवरून पाहताना ती पडद्यावर अर्धा ते एक सेंटिमीटर भरते. मोबाइलवरच्या एका अक्षराच्या कळीएवढी जागा त्यातच संपते, हे लक्षात ठेवा. कीबोर्डच्या चर्चेत ते पुन्हा येणार आहे.

या विद्येचा इतिहास मोठा आहे, पण मी त्यात फार वेळ घालवणार नाही. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत नाही, उड्या मारतो, हे पॅरिसमध्ये लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास ध्यानात आले. अमेरिकेतल्या एडमंड ह्यूई यांनी डोळ्यावर चक्क एक टोपी बसवून तिला काटा जोडला होता. १९०१ मध्ये डॉज आणि क्लाइन यांनी डोळ्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्र घेतले आणि डोळ्याला हात लावण्याची गरज संपवली. आजची यंत्रे त्यांच्याच वाटेने चालतात. अपंगांसाठीची यंत्रे १९८० च्या दशकात आली. स्वीडनमधली टोबी ही कंपनी २००१ मध्ये स्थापन झाली आणि आज या क्षेत्रात तिचे नाव सर्वांत परिचित आहे. विंडोज १० मध्ये २०१७ साली नजरेने चालवण्याची सोय आली, आणि २०२४ मध्ये ॲपलने आयफोन-आयपॅडच्या पुढच्या कॅमेऱ्यावरच ती दिली. आपल्या देशात बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रदीप्त विश्वास यांच्या चमूने चेन्नईच्या विद्या सागर संस्थेतील मुलांबरोबर काम करून नजरेने रोबोटचा हात हलवण्यापर्यंत मजल मारली आहे.

खरी अडचण कॅमेऱ्याच्या पुढे सुरू होते. माउसचा बाण आपण कुठेही नेऊ शकतो आणि बोट दाबेपर्यंत काही घडत नाही. डोळ्याला असे दाबायचे बोट नसते. पाहिले की निवडले गेले, असे झाले तर माणूस पडद्यावर काही शोधूच शकणार नाही. जिथे नजर पडेल तिथे काहीतरी उघडेल, बोलेल किंवा पुसले जाईल. अमेरिकी संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्ये या अडचणीला ग्रीक कथेतल्या मिडास राजाचे नाव दिले, कारण तो ज्याला स्पर्श करी त्याचे सोने होई. घरच्यांना समजावताना मी भस्मासुराची आठवण करून देते, कारण ती कथा आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. वर मागताना हाताला शक्ती मिळाली, पण तो हात कुठे ठेवायचा आणि कुठे नाही याची मोकळीक गेली. नजरेचे तेच होते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे नजर एका जागी ठरावीक वेळ रोखून धरणे, ज्याला ड्वेल टाइम म्हणतात. नवख्या माणसाला हा वेळ आम्ही एक सेकंद किंवा थोडा जास्त ठेवतो. सेकंद ऐकायला लहान वाटतो. पण ज्या डोळ्याची सवय पाव सेकंद थांबण्याची आहे, त्याला चौपट वेळ खिळवून ठेवायचे आणि असे शंभर वेळा करायचे, हे कष्टाचे काम आहे. सरावाने हा वेळ पुष्कळ खाली आणता येतो. फिनलंडच्या टाम्पेरे विद्यापीठात पाइवी मायारांता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धडधाकट व्यक्तींना पंधरा-पंधरा मिनिटांचा दहा वेळा सराव दिला आणि वेळ स्वतः कमी-जास्त करू दिला. सरासरी थांबा ८७६ मिलिसेकंदांवरून २८२ वर आला आणि वेग मिनिटाला ६.९ शब्दांवरून १९.९ वर गेला. मला यातला आकड्यांइतकाच महत्त्वाचा भाग वाटतो तो हा की वेळ ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे होता. आपल्याकडे तो बहुधा यंत्र बसवणाऱ्याकडे राहतो, आणि हा माणूस एकदा निघून गेला की सहा महिने कोणी त्या आकड्याला हात लावत नाही.

गिरगावातल्या एका बाईंची हकीकत सांगते. त्यांचे नाव सांगत नाही, पण त्यांनी 'माझ्याविषयी बोललीस तरी चालेल' असे स्वतः लिहून दिले होते. त्या मराठीच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या आणि तीन वर्षांत मोटर न्यूरॉन आजाराने त्यांचे हात आणि वाचा दोन्ही गेले. मुलगा आणि सून यांनी खटपट करून यंत्र मिळवले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, पश्चिमेला मोठी खिडकी, खाली शाळेकडून येणारा रस्ता. दुपारनंतर सूर्य थेट त्यांच्या चेहऱ्यावर येई, आणि सूर्यप्रकाशात इन्फ्रारेडचा भाग इतका असतो की यंत्राने सोडलेला क्षीण प्रकाश त्यात बुडून जातो. कॅमेऱ्याला बाहुली सापडेना. मी जाड पडदा लावून घेतला, ट्यूबलाइट लावली, आणि यंत्र सुरेख चालू लागले. मी समाधानाने घरी गेले.

तीन दिवस बाईंनी फारसे काही लिहिले नाही. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी 'पडदा' एवढा शब्द लिहिला आणि नजर पडद्यावरून, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरून, बाजूला नेली. सुनेने विचारले, "आई, पडदा बदलायचा का? धूळ बसली आहे?" बाईंनी डोळे मिटले, त्यांच्याकडे मिटणे म्हणजे 'नाही'. मग पुन्हा लिहायला घेतले. आम्ही तिघे उभे राहून एकेक अक्षर उमटताना पाहत होतो. वाक्य पूर्ण झाले ते असे: 'पडदा नको. मुले दिसत नाहीत.' साडेपाचला शाळा सुटे. रोज त्या वेळी बाई खिडकीतून त्या मुलांना पाहत असत. आजाराने बाकी सगळे नेले होते, तेवढे त्यांनी राखले होते, आणि ते मी यंत्रासाठी बंद करून टाकले होते. चूक माझी होती. मी कॅमेऱ्याच्या गरजेचा विचार केला होता, ज्या डोळ्यासाठी कॅमेरा आणला त्या डोळ्याच्या गरजेचा केला नव्हता.

आम्ही पलंग काटकोनात फिरवला, म्हणजे खिडकी त्यांच्या उजव्या हाताला आली. यंत्र एका वळणाऱ्या दांडीवर बसवले. सकाळी दोन तास आणि दुपारी एक तास लिहायचे, आणि साडेपाचच्या आधी दांडी भिंतीकडे वळवून पडदा पूर्ण उघडायचा, असे वेळापत्रक भिंतीवर लावले. डोळ्यांत टाकायच्या थेंबांच्या वेळाही त्यातच लिहिल्या. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, पण पडद्याकडे रोखून पाहताना ती लवणे कमी होते आणि डोळा कोरडा पडतो. यंत्राच्या पडद्यावरही आम्ही एका कोपऱ्यात मोठी मोकळी जागा ठेवली. तिथे कितीही वेळ पाहिले तरी काही घडत नाही. तिला बाईंनीच 'ओटा' असे नाव दिले. लिहून दमले की ओट्यावर येऊन बसायचे. तेव्हापासून मी बसवलेल्या प्रत्येक यंत्रात ओटा असतोच.

आता कीबोर्ड. संगणकावर मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय मानक कीबोर्ड आहे आणि दोन हातांनी लिहिण्यासाठी तो फार विचारपूर्वक रचलेला आहे. डाव्या हाताकडे स्वर, मात्रा आणि हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची खूण. उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. दोन्ही हात आळीपाळीने चालतात, त्यामुळे लय येते आणि बोटे थकत नाहीत. पण हाच कीबोर्ड जसाच्या तसा पडद्यावर मांडून नजरेपुढे ठेवला की त्याचा गुण हाच दोष होतो, कारण दोन हातांचे काम आता एका नजरेला करायचे असते. 'स्त्री' हा शब्द घ्या. स उजवीकडे, हलन्त डावीकडे, त उजवीकडे, हलन्त पुन्हा डावीकडे, र उजवीकडे, दीर्घ ईकार डावीकडे. दोन जोडांच्या एका अक्षरासाठी नजरेला पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच येरझारा. 'मला पाणी हवे आहे' या साध्या वाक्यात रिकाम्या जागा धरून सोळा निवडी आहेत. त्यातही ण आणि आ शिफ्टखाली असल्याने दोन वाढतात आणि अठरा होतात. एक सेकंद रोखणे आणि अर्धा सेकंद शोधणे असा हिशेब धरला तर पाणी मागायला जवळजवळ अर्धे मिनिट लागते, तेही एकही चूक झाली नाही तर. मराठीचा लाडका ळ हासुद्धा शिफ्टखाली आहे. 'डोळा', 'वेळ', 'कळ', 'जवळ', 'गोळी' हे शब्द आजारी माणसाच्या तोंडी किती येतात याचा विचार करा, म्हणजे त्या एका जास्तीच्या निवडीची किंमत कळेल.

याला उपाय आहे. व्यंजन निवडले की मात्रांसाठी नजरेला दूर न पाठवता त्या अक्षराभोवतीच बाराखडी उमटावी. क वर नजर ठरली की त्याच्या आसपास का, कि, की, कु, कू, के यांची मोठाली घरे यावीत, आणि जोडाक्षरासाठी हलन्तही तिथेच असावा. उडी लहान होते, चूक कमी होते, आणि बाराखडी मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की नवीन काही शिकावे लागत नाही. आणखी एक गोष्ट शब्द सुचवण्याची. इंग्रजीत दोन-तीन अक्षरे दिली की पूर्ण शब्द सुचवतात आणि तो बहुधा पुरतो. मराठीत 'घर' सुचवून काम भागत नाही, कारण माणसाला 'घरात', 'घराला', 'घरातल्यांना', 'घरासमोरच्या' म्हणायचे असते. सगळी रूपे यादीत भरली तर यादी लांबते आणि पुन्हा नजरेलाच शोधत बसावे लागते. आधी मूळ शब्द सुचवावा, तो निवडताच त्याचे सामान्यरूप करून प्रत्यय समोर ठेवावेत, अशा दोन पायऱ्यांत हे काम मराठीला साजेसे होते. आपल्यापैकी जे अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पाचा विषय शोधत आहेत, त्यांनी नवा कॅमेरा बनवण्यापेक्षा हे काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शुद्धलेखनाविषयीही बोलले पाहिजे. बाई ऱ्हस्व-दीर्घाबाबत कडक होत्या. एखादा इकार चुकला की मागे जाऊन दुरुस्त करीत. मुलगा म्हणे, "आई, अर्थ कळला, पुढे लिही." त्या ऐकत नसत. मलाही सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटला. एके दिवशी त्यांनी 'शीर दुखते' असे लिहिले. सॉफ्टवेअरने सुचवलेल्या शब्दांत 'शिर' वर होते आणि मुलाने डोके दुखते असे समजून गोळी काढली. बाईंनी डोळे मिटले, आणि नजर पायाकडे नेली. पोटरीची शीर आखडली होती. मोडी लिपीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नसत आणि व्यवहार चालत असे, हे खरे. पण तेव्हा समोरचा माणूस उलट प्रश्न विचारू शकत असे आणि लिहिणारा तोंडाने उत्तर देऊ शकत असे. ज्याचे लिहिणे हेच बोलणे आहे, त्याच्या वेलांटीत यंत्राने किंवा घरच्यांनी परस्पर बदल करू नये. वेगही तसाच. आपण मिनिटाला शंभर-दीडशे शब्द सहज बोलतो, तो माणूस पाच-दहा लिहितो. मधल्या शांततेत वाक्य पूर्ण करून टाकण्याचा मोह होतो. तो विचारून करा; डोळा 'हो' म्हणाला तरच पुढे जा.

आवाजाचा प्रश्न मात्र वेळेवर हाताळावा लागतो. संगणकाचे मराठी आवाज आता ऐकण्याजोगे झाले आहेत, पण तो आवाज घरातल्या माणसाचा नसतो. ज्यांच्या आजारात वाचा हळूहळू जाणार आहे, त्यांनी ती स्पष्ट असतानाच रोजची वाक्ये स्वतःच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. नातवाला मारायची हाक, देवापुढे म्हणायची ओळ, 'अगं ऐकतेस का', 'जेवलास का' अशी वाक्ये, रागावणे आणि हसणेसुद्धा. पुढे नजरेने एक घर निवडले की तीच हाक ऐकू येते. यासाठी कसलेही महाग यंत्र लागत नाही, फक्त निदान झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कोणीतरी हे सांगावे लागते. तुमच्यातल्या विद्यार्थ्यांनी ते सांगणारे व्हावे.

लहान मुलांच्या बाबतीत मी कीबोर्डपासून कधीच सुरुवात करत नाही. एका सात वर्षांच्या मुलाला एका ठिकाणी कॅलिब्रेशनचे नऊ ठिपके दाखवले, तो पाहीना, आणि 'यंत्रासाठी अयोग्य' असा कागद आईच्या हाती दिला गेला. कोरा पडदा आणि त्यावर सरकणारा ठिपका यांत सात वर्षांच्या मुलाने का रमावे? आम्ही ठिपक्यांच्या जागी त्याच्या आवडीच्या लोकलचे चित्र ठेवले, नऊऐवजी दोनच जागा घेतल्या, आणि डब्याकडे पाहिले की हॉर्न वाजेल असे केले. तिसऱ्या दिवशी तो आईकडे पाहून, मग डब्याकडे पाहून, पुन्हा आईकडे पाहत हसला. आपल्या पाहण्याने जगात काहीतरी घडते, हे त्याला पहिल्यांदा कळले होते. चित्रांवरून शब्द निवडायची पायरी यानंतर येते. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेले जेलो हे चित्रांचे मोफत ॲप अशा टप्प्यावर आधी हाताने किंवा आईच्या बोटाने वापरून पाहता येते.

कायद्याविषयी दोनच वाक्ये. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ मध्ये 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच बोलण्या-लिहिण्याला पूरक आणि पर्यायी अशा साधनांचा समावेश आहे, म्हणून शाळेत, बँकेत किंवा न्यायालयात नजरेने दिलेले उत्तर हे उत्तरच आहे, असा आग्रह आपण धरू शकतो. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बँकांच्या ऑनलाइन ओळखपडताळणीत पापणी लववून दाखवण्याची अट ॲसिडहल्ल्यातील पीडितांना आणि दृष्टिहीनांना पूर्ण करता येत नाही या तक्रारीवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

शेवटी सर्वांत स्वस्त साधन दाखवते, कारण पूर्ण संच काही लाखांच्या घरात जातो, वीज जाते, यंत्र बिघडते, आणि इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात ते नेहमी नेता येतेच असे नाही. ही ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी आहे, मधोमध तळहाताएवढे भोक आहे. परदेशात अशा पाट्या अनेक दशके वापरात आहेत आणि त्यांवर रोमन अक्षरे गटागटाने लिहिलेली असतात. ते गट लक्षात ठेवावे लागतात. आपल्या वर्णमालेचे गट मात्र उच्चारस्थानांनुसार आधीच पाडलेले आहेत आणि ते आपल्याला पहिलीपासून पाठ आहेत. भोकाभोवती आठ जागा आहेत: कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, मग य-र-ल-व, मग श-ष-स-ह-ळ, आणि आठव्या जागी स्वर. कवर्ग ते पवर्ग प्रत्येकात पाच अक्षरे. ङ आणि ञ मराठीत सुटे क्वचितच लागतात, म्हणून त्यांच्या जागी मी क्ष आणि ज्ञ लिहिले आहेत. अक्षरे दोन्ही बाजूंनी लिहावी लागतात, नाहीतर एकाला ती उलटी दिसतात. रुग्णाने आधी वर्गाकडे पाहायचे, मग त्याच वर्गातल्या जागेकडे, आणि समोरच्याने भोकातून त्याचे डोळे वाचायचे. पवर्ग, पहिले. टवर्ग, पाचवे. 'पाणी?' असे विचारायचे. नजर वर गेली की 'हो'. मात्रा बहुधा संदर्भाने ओळखता येतात. जिथे शंका असेल तिथे आठव्या जागेवर जायचे.

अशा बारा पाट्या टेबलावर ठेवल्या आहेत. दोघादोघांनी समोरासमोर बसावे, साधारण हातभर अंतर ठेवावे. एकाने ओठ न हलवता, मान न हलवता, दुसऱ्याला आपल्या गावाचे नाव सांगावे. मग अदलाबदल करावी. ज्यांना 'दादर' सोपे वाटेल त्यांनी 'टिटवाळा' करून पाहावे. ळ कुठे आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.